पत्र्याच्या चिलखतातली झोप
उन्हात तापलेल्या पत्र्याचा वास आला की मला म्हापशाजवळच्या एका बंगल्यातला वाढदिवस आठवतो. तिथल्या मुलांना मोबाइलच्या गेममधले चिलखतातले विलायती सरदार हवे होते, म्हणून दशावतारातल्या मला आणि माझ्या जोडीदाराला बोलावलेलं. पेडण्यात रात्रभर नाटक करून आम्ही तसेच बसने गेलो. नाटकात तो राजा आणि मी राक्षस, रोज त्याच्या हातून मरणारा. इथे मात्र हरणाऱ्या सरदाराचं मोठं चिलखत त्यालाच बसलं. मी तर हरखलोच! "मेल्या, बेगीन मार," तो घाई करत पुटपुटला, "पायात जीव रवाक नाय." मी तलवार हाणली, तो धाडकन पडला. पोरं ओरडली, "उठ! दुसरी लेव्हल!" पत्र्याच्या टोपातून आवाज आला, "बाळांनो, आमच्या नाटकात मेलेल्याक कोण उठवणा नाय." आणि तो घोरायलाच लागला. पोरं त्याला हलवायला धावली, तसा मी त्याचा टोप माझ्या डोक्यावर चढवून गरजलो, "मी त्याचा भाऊ! आधी मला मारा!" केक कापेपर्यंत मी मरत राहिलो, तो झोपून राहिला. हल्ली पहाटे नाटक संपतं तेव्हा माझेच पाय उचलत नाहीत, आणि माझ्या डोक्यावरचा टोप उतरवून घ्यायला तो आता राहिलेला नाही.