एकशे चाळीस मीटर

टेपबाई हे नाव तिला ऑफिसनेच ठेवलेलं. बियाणे तपासणी खात्यात बावीस वर्षं शेतं मोजत हिंडणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? साहेब बदलत, खुर्च्या बदलत, टेप मात्र तिच्याच खांद्यावर.

यंदा प्रयोगशाळेत जनुक बदललेल्या मक्याची शेतात चाचणी होती. नियम साधा. या मक्यापासून शेजारच्या मक्यापर्यंत दोनशे मीटर अंतर हवं, म्हणजे वाऱ्याने पराग तिकडे जाणार नाहीत. साहेबांनी ते अंतर जीपच्या मीटरवर मोजलं, या फाटकापासून त्या फाटकापर्यंत, वळणावळणाच्या रस्त्याने, आणि दोनशे भरलं. बुटांना चिखल नको ना लागायला! जणू वाराही जीपमधूनच जाणार होता.

टेपबाईने या मक्याच्या शेवटच्या ताटापासून शेजारच्या मक्याच्या पहिल्या ताटापर्यंत टेप लावला. एकशे चाळीस. तिने तसं लिहून दिलं, पराग तुऱ्यांतूनच उडतात, तेव्हा तुरे निघताच खुडून टाका असंही लिहिलं. साहेबांनी त्या कागदाला केराची टोपली दाखवली.

तुरे निघून आठवडा झाला तेव्हा ती टेप घेऊन थेट साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"चला साहेब. एक टोक तुम्ही धरा."

"बाई, तुम्ही या बियाण्याच्या विरोधात आहात का?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या भावाचा मका दोनदा अळीने फस्त केलाय. अळी न लागणारं हे बियाणं मला हवंय. म्हणून तर नीट तपासा म्हणते."

साहेब नाक मुरडत शेतावर आले. टेपचं टोक धरून ताटांमधून बाहेर पडले, तर दोन्ही बाह्या पिवळ्या. ते झटकायला लागले.

"पराग आहेत ते," ती म्हणाली. "आठ दिवस उडतायत."

साहेबांनी जीपवर कागद टेकवून तुरे खुडायच्या आदेशावर मुकाट्याने सही केली आणि आत बसून दार लावून घेतलं. शेजारच्या शेतातल्या मावशींना सांगायला टेपबाई एकटीच गेली. तिथल्या कणसांना पराग धरणारे केस फुटले होते.

"मावशी, यंदाचं बी पुढच्या पेरणीला ठेवू नका. त्यात त्या मक्याचे पराग मिसळलेत."

"वाईट असतं का ते?"

"माहीत नाही. तेच तपासायचं होतं."

"तीस वर्षं घरचंच बी पेरते मी. आता काय पेरू?"

टेपबाई वळली, चिखल तुडवत जीपपाशी आली आणि तिने दार उघडलं.

"उतरा साहेब. मावशी काहीतरी विचारतायत."