सहाव्या माळेची दुपार

परवा फोनवर तुम्ही दोघं सांगत होता की तिकडे थंडी पडायला लागली आणि तळघरात उंदीर शिरले. "आजी, तुझ्याकडे येतात का गं? तू काय करतेस?" असं धाकटीनं विचारलं आणि तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. उत्तर राहून गेलं, ते आता लिहून पाठवते.

येतात. पाऊस ओसरला की आश्विनात येतात. आपल्या मागच्या भिंतीला लागून शेववाल्याचं गोदाम आहे. पावसाळाभर उंदीर तिथल्या बेसनाच्या पोत्यांत सुखानं राहतात. दिवाळीच्या मालासाठी गोदाम उपसलं की त्यांना नवं घर लागतं, आणि जुनी इंदूरच्या आमच्या या गल्लीत सगळ्यात जवळचं घर आपलंच.

मी इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे यादीशिवाय माझं काम होत नाही. कोठीच्या खोलीत, कपाटाच्या दाराला, माझ्या अक्षरातली इंग्रजी यादी चिकटवलेली आहे. त्यातलं तुमच्या कामाचं एवढंच : नळाच्या पाइपाभोवती फट असेल तर तिच्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबा आणि वरून सिमेंट लावा. कापड किंवा कापूस कोंबू नका, उंदीर ते घरट्याला घेऊन जातात. मोरीच्या जाळीवर वीट ठेवा. दाराखालून पेन्सिल सरकत असेल तर उंदीर सहज येतो. धान्य पत्र्याच्या डब्यात, रद्दी जमिनीपासून वर.

हे सगळं मी घट बसायच्या आत उरकते. घट म्हणजे काय ते तुम्ही फोटोत पाहिलं आहे. टोपलीत माती पसरून गहू पेरायचे, त्यावर कलश ठेवायचा, रोज वर एक माळ बांधायची आणि शेजारी नऊ दिवस अखंड दिवा. उंदराला यातलं सगळंच आवडतं. मातीतले गहू तो उकरून खातो, आणि दिव्यातली तेलात भिजलेली वात तर ओढूनच नेतो. दिवा विझू द्यायचा नाही, घराला कुलूप लावायचं नाही, असा आपल्याकडचा नेम. म्हणजे नऊ दिवस कोणीतरी घरात पाहिजेच. ते कोणीतरी म्हणजे मी.

माझ्या पहिल्या नवरात्रात सासूबाईंनी तेलाची बरणी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुझं इंग्रजी दिव्याला कळत नाही. दर चार तासांनी तेल. आणि विझला तर मला सांगायला येऊ नकोस, मला कळेल." माझा देवीवर फारसा विश्वास नव्हता, आजही नाही. पण त्या वाक्यानंतर सेहेचाळीस वर्षं मी तो दिवा विझू दिला नाही.

त्यातल्या एका वर्षी देवासला माझी आई आजारी होती. देवास इथून बसनं तासाभरावर. तुमचे आजोबा मिलच्या कामानं बाहेरगावी होते आणि सासूबाई अंथरुणावर. मी दसरा झाल्यावर गेले. आई अजून आठ दिवस होती, पण तोवर तिनं माणसं ओळखणं सोडलं होतं. मी हे कोणाला बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा घट बसवले.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. यादीत मी एक नवी ओळ घातली होती : कोठीच्या दाराला खालून रबराची पट्टी. सुतारानं ती घट्ट बसवली आणि पट्टीवर हात फिरवून म्हणाला, "अम्माजी, अब तो चींटी भी पूछ के जाएगी." मी खूश झाले. खोलीच्या झरोक्याला बारीक जाळी ठोकून झाली होती, पाइपाची फट बुजवून झाली होती. आणि तरी सहाव्या माळेच्या दिवशी कोठीत खुडबूड ऐकू आली. म्हणजे उंदराला मीच आत ठेवून सगळं बंद केलं होतं.

दुपारचे दोन वाजले होते. दिव्यात अकराला तेल घातलेलं, आता तीनला घालायचं. फोनवर गजर लावलेला आणि फोन जेवणाच्या टेबलावर. आजोबा कानातलं यंत्र काढून बैठकीच्या खोलीत झोपलेले. मी पिंजऱ्यात पोळीचा तुकडा अडकवून कोठीत गेले, आणि उंदीर निसटू नये म्हणून पाठीमागे दार लोटलं. नुसतं लोटलं नाही, पाठ लावून दाबलं. मग पिंजरा डब्यांमागे ठेवला आणि दार ओढायला गेले, तर आतली कडी खिळ्यासकट हातात आली.

दार आत उघडणारं. पावसानं फुगलेलं, खाली नवी पट्टी. धरायला काहीच नाही. फटीत नखं घातली, मग पिठाच्या डब्यातला डाव. डाव वाकला. हाका मारल्या. झरोक्याच्या जाळीतून आवाज गोदामाच्या भिंतीपर्यंत गेला असेल, पुढे नाही. चिठ्ठी सरकवावी म्हणून कागद दाराखाली घातला, तर तो दुमडून माझ्याच पायाशी आला. पट्टी खरंच उत्तम बसली होती.

तीनला बाहेर गजर वाजला. मी तो पूर्ण ऐकला. थांबला, पाच मिनिटांनी पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. दिवा आणखी तासभर तग धरेल, फार तर चारपर्यंत, हे मला ठाऊक होतं. मी गव्हाच्या रिकाम्या पिंपावर झाकण आपटायला सुरुवात केली. दहा वेळा आपटायचं, थांबून ऐकायचं, पुन्हा दहा. आत फार उकडत होतं. मधे कधीतरी उंदीर डब्यांमागून बाहेर आला, पिंजऱ्याला वळसा घालून तुमच्या जुन्या खेळण्यांच्या खोक्यावर बसला आणि माझ्याकडे पाहू लागला. त्यालाही जायला जागा नव्हती. समोर कपाटाच्या दारावर माझी यादी, प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण.

आता जे लिहिते ते घरात कोणालाच माहीत नाही. साडेतीनच्या सुमारास मी झाकण खाली ठेवलं. हात दुखत होता म्हणून नाही. विझू दे, असं मनात आलं. मी विझवत नव्हते, दार अडकलं होतं, माझ्याकडे दोष येत नव्हता. मी पिंपाला टेकून जमिनीवर बसले आणि देवासच्या बस स्टँडचा विचार करत राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग एकदम भीती वाटली, देवीची नाही, सासूबाईंच्या त्या वाक्याची, आणि मी उठून वेड्यासारखं झाकण बडवायला लागले.

साडेचारला कामवाली आली. तिचा आवाज दाराशी आला, "अम्माजी? आप अंदर क्या कर रही हो?"

"पूजा कर रही हूँ! अरे, दरवाजा धकाओ! साहब को बुलाओ!"

ती "बाबूजी, बाबूजी" करत गेली. मग आजोबांच्या सपाता फरफटत आल्या. दोघांनी मिळून खांदा लावला. तिसऱ्या धक्क्याला दार उघडलं, आणि माझ्याआधी उंदीर त्यांच्या पायांमधून बाहेर. कामवाली "उई माँ, चूहा!" म्हणून स्टुलावर चढली.

"अगं, पिंजरा तू उंदराला लावला होतास की उंदरानं तुला?" आजोबा म्हणाले.

"अडीच तास, अहो! अडीच तास मी आत आहे!"

"मला काय माहीत यार! मी चारला उठलो, चहा नाही, तू नाही. वाटलं न्हाणीघरात असशील. नवरात्रात तू घर सोडून जाणार थोडीच."

मी त्यांना बाजूला सारून देवापाशी गेले. दिवा जळत होता. तेल काठोकाठ.

"घातलं मी तेल," मागून ते म्हणाले. "वेळेवर."

हा माणूस सेहेचाळीस वर्षांत देवापाशी बसलेला नाही. नवरात्रात त्या खोलीत पंखा लावायचा नाही, दिवा विझतो, तर त्यावर दर वर्षी "तुमच्या देवीला उकडत नाही का?" असं विचारणारा. मी खाली वाकून पाहिलं. वात माझी नव्हती. माझी वात बारीक, एकसारखी असते. ही सुतळीसारखी जाड, आणि कापूस औषधाच्या डब्यातला, पांढराशुभ्र. वात बदलायची तर नवी वात जुन्या ज्योतीवर पेटवून घ्यायची असते, काडी लागत नाही. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. आपल्याकडे सुका कचरा वेगळा, ओला वेगळा. सुक्या कचऱ्याच्या डब्यात वरच जळलेल्या काड्या होत्या. सात. त्यांचे हात हल्ली थरथरतात, तुम्ही पाहिलं आहे. आणि तरी त्यांनी त्या गोळा करून बरोबर डब्यात टाकल्या होत्या.

म्हणजे ते चारला उठले, दिवा विझलेला पाहिला, आणि मला शोधण्याआधी, मी येऊन तो विझलेला पाहू नये म्हणून, सात काड्या ओढल्या.

मी चहा नेऊन दिला. ते कप बशीत ठेवून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "बरं झालं तुम्ही तेल घातलंत." ते म्हणाले, "मग!" आणि यंत्र कानात बसवत राहिले.

उंदीर अजून घरातच होता, आणि माझ्या यादीमुळे त्याला बाहेर जायला एकही वाट नव्हती. मी मागचं दार सताड उघडलं, वीट लावून ठेवलं आणि गल्लीकडच्या पायरीवर जाऊन बसले. नवरात्रात मला उंबऱ्याबाहेर बसलेलं कामवालीनं प्रथमच पाहिलं. "अम्माजी, दिया?" तिनं आतून विचारलं.

"बाबूजी देख रहे हैं," मी म्हटलं.

शेववाल्याच्या भट्टीचा वास येत होता. बऱ्याच वेळानं उंदीर दारात आला, थांबला, आणि माझ्या पदराला घासून गोदामाकडे गेला. मी आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिले.

तुम्ही तळघरातली फट बुजवाल तेव्हा आधी आत कोणी राहिलं नाही ना ते पाहा. यादीत ही ओळ मी आता सगळ्यात वर लिहिली आहे. आणि दिव्याचं आजोबांना फोनवर विचारू नका.