सायलेन्सरला धरलेली टोपी

परवा सर्व्हिसिंगला मेकॅनिकने इंजिनातला कार्बन काढायच्या औषधाची बाटली उघडली आणि त्या रॉकेलसारख्या उग्र वासाने मला माजलगावचं एक गॅरेज आठवलं. वडील तेव्हा एका बागायतदाराची जीप सिरसाळ्याच्या रस्त्यावर चालवायचे. त्या सकाळी जीप त्या गॅरेजात होती आणि या मालकाने तिच्या डिझेलच्या टाकीत तसलीच बाटली ओतली होती. आईने नीळ घालून धुतलेली टोपी घालून वडील मला तिथे घेऊन गेले आणि म्हणाले, "मालक, पोरीच्या प्रवेशाचा आज शेवटचा दिवस हाय. बीडला जाऊन येतो." "का रं, तू न्हाई गेलास तर कॉलेज बंद पडंल का?" मालक म्हणाला, तशी बाकड्यावरची माणसं हसली. "बरं, तुझी टोपी धर सायलेन्सरला. पांढरी राह्यली तर जा. काळी झाली तर इंजिनात हा कार्बन तूच साठवलायस, गुमान जीप काढायची." वडिलांनी टोपी काढून धरली. मालकाने स्वतः आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. धुराचा लोट आला, वडील खोकत राहिले, टोपी काळी ठिक्कर पडली. "आता घाल की डोक्यात!" मालक ओरडला. वडिलांनी ती घातली आणि जीप काढली. बीडला मी पहिल्यांदाच एकटी गेले. शिकले, पदवीधर झाले, आणि त्यासाठी वडिलांचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत. परवा मेकॅनिक म्हणाला, "ताई, घाबरू नका, औषध टाकल्यावर पहिला धूर काळाच येतो." मालकाला हे ठाऊक होतं. इतकी वर्षं डिझेलच्या गाड्या चालवलेल्या माझ्या वडिलांनाही ठाऊक होतं.