गोदलीवचं बारसं

दातवणाची काडी तोंडात ठेवूनच तो बोलायचा. काडी डाव्या गालातून उजव्या गालात गेली, की पुढचं वाक्य खोटं. टांग्याच्या घोड्याला आधी सलाम, मग टांगेवाल्याला. तीनदा उकळायच्या चहाचा पहिला कडू पेला स्वतः घ्यायचा, शेवटचा गोड पेला दुसऱ्याला द्यायचा. पर्यटकाची स्तुती करताना त्याच्या बुटांकडे बघायचा. आणि कुणाचं तान्हं मूल मांडीवर घ्यायचा नाही.

बिरान थ्यून. सेनेगल नदीवरच्या आमच्या लोखंडी पुलाच्या टोकाला त्याची जागा होती. साहित्याची पदवी घेऊन नोकरीची वाट बघताना मी त्याच्या शेजारी बसू लागलो. तो मला मास्तर म्हणायचा. अर्थातच चिडवायला.

त्याचा धंदा एका बारशावर चालायचा. परदेशी बाई पूल उतरून आली, की तो तिच्या हातात मण्यांची माळ ठेवायचा.

"घ्या ताई, पैसे नकोत. आज मला मुलगी झाली. अशा दिवशी पहिला पाहुणा भेटेल त्याला काहीतरी द्यायचं असतं. आणि भेटलात कोण, तर तुम्ही. काय तो चेहरा, काय ते चालणं. नाव काय तुमचं?"

नाव कळलं, की छातीवर हात ठेवायचा. "ठरलं. मुलीचं नाव हेच."

आमच्यात ज्याचं नाव मुलाला देतात, तो त्या मुलाचा जन्मभराचा माणूस होतो. नावाबरोबर स्वभावही उतरतो म्हणतात. बाईला हे सगळं समजायचं नाही, पण डोळे भरून यायचे. मग आठव्या दिवशीच्या बारशाला मेंढा लागतो, हे तो हळूच सांगायचा.

"किती मुली झाल्या रे दादा?" मी विचारायचो.

"मोजू नये, मास्तर. दृष्ट लागते."

खरं तर एकही नव्हती. त्याची बायको यासिन दोनदा बाळंत झाली. दोन्ही मुलं राहिली नाहीत. जेवायला वाढताना ती म्हणायची, "अख्ख्या युरोपाची बारशी घातलीस. खा आता."

या वर्षी, धुळीचा वारा सुटला होता तेव्हा, एक म्हातारी काठी टेकत पूल उतरली. गळ्यात बिरानचीच माळ होती, रंग उडालेली. गोदलीव. बेल्जियमची निवृत्त शिक्षिका. सात वर्षांपूर्वी येऊन गेली होती.

"माझी गोदलीव कशी आहे?" तिने विचारलं.

पिशवीतून तिने निळा लोकरीचा फ्रॉक काढला. स्वतः विणलेला, सात वर्षांच्या मुलीच्या मापाचा. "मला माझं असं कुणी नाही," ती म्हणाली. "रोज झोपताना तिचं नाव घेते. आहे माझंच, पण घेते तिचं म्हणून."

बिरानने तोंडातली काडी काढून हातात धरली. असं करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"मावशीकडे आहे," तो म्हणाला. "शुक्रवारी येईल."

ती हॉटेलवर गेली. मी म्हटलं, "माझी भाची आहे सात वर्षांची. एक दिवस उभी करू. बाई खूश, तू मोकळा."

"आणि बाईने हाक मारली तर? पोर वळून तरी बघेल का?" तो कठड्याला टेकून बसला. "थकलो रे मास्तर. बाकीच्या बायका अर्ध्या फसायच्या आणि अर्ध्या मजा घ्यायच्या. ही खरंच आत्या होऊन बसली."

त्याच आठवड्यात त्याच्या धाकट्या भावाला, मासांबाला, मुलगी झाली होती. बारसं शुक्रवारी होतं. बिरान मला घेऊन त्याच्याकडे गेला आणि सरळ नाव मागितलं.

मासांबाला चहाचा ठसका लागला. "गोदलीव? इमाम कानात हे सांगणार? मोठी झाली की पोर मला शिव्या घालेल."

"हाक मारायला दुसरं ठेव. कानात हे जाऊ दे."

"एका भोळ्या म्हातारीसाठी?"

"माझ्यासाठी."

मासांबाने पेला खाली ठेवला. "आई असती तर तुला चपलेने बडवलं असतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "मेंढा तू आणायचास."

परतताना बिरानने ठरवलं. शुक्रवारी सकाळी हॉटेलवर जायचं. सात वर्षांपूर्वी मुलगी झालीच नव्हती हे सांगायचं. आता आहे, आठ दिवसांची आहे, फ्रॉकला थांबावं लागेल, हेही सांगायचं. मग तिला बारशाला घेऊन यायचं.

"खरं सांगायचं असलं की सुरुवात कुठून करतात?" त्याने विचारलं. "तू शिकलेला आहेस."

"कुठूनही."

"बुटांकडे बघून चालेल?"

शुक्रवारी त्याने भावाच्या अंगणात मेंढा बांधला आणि पुलापलीकडच्या हॉटेलकडे निघाला. पुलाच्या मध्यावर कठड्याला टेकून बसला. बसायचाच तो, म्हणून कुणी विचारलं नाही. ओळखीचा टांगा आला. घोडा त्याच्यापाशी थांबला आणि हलेना, म्हणून टांगेवाला उतरला. तोवर संपलं होतं.

इमामाने बाळाच्या कानात नाव सांगितलं, तेव्हा पुलावरची बातमी आमच्यापर्यंत आली नव्हती. दुपारच्या नमाजानंतर त्याच इमामाने बिरानला माती दिली.

हॉटेलच्या रखवालदाराकडून कळलं आणि गोदलीव बिरानच्या घरी आली. यासिनने तिला आपल्या शेजारी चटईवर जागा दिली. मासांबाची बायको समोर होती. तिच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. गल्लीतल्या मुली बायकांना पाणी देत फिरत होत्या. म्हातारी फ्रॉक मांडीवर धरून एकेकीचं तोंड निरखत होती. बाळाकडे तिचं लक्ष नव्हतं.

मी जवळ गेलो तसा तिने माझा हात धरला.

"बापावर गेलेली दिसेलच ना," ती म्हणाली. "यातली माझी कोणती?"

यासिनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हातारीच्या बुटांकडे.

बिरान तिला सांगायला निघाला होता. अर्ध्या पुलापर्यंत आला होता.