झऱ्याच्या शांततेची कॅसेट

आधीच स्पष्ट करते. भूत, देवचार, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. "मानत नव्हते" असं नाही — आजही मानत नाही. महाडच्या एसटी स्टँडवर पत्रकं वाटत मी मोठी झाले, आणि त्यातलं नारळ हातावर धरून जमिनीतलं पाणी सांगणाऱ्या पाणाड्यांच्या विरोधातलं पत्रक तर मीच लिहिलं होतं. 'नारळ उभा राहिला म्हणून जमिनीत पाणी येत नाही!' त्यामुळे पुढचं वाचून "बघा, आली शेवटी लायनीवर" म्हणणाऱ्यांनी इथेच थांबावं.

इंटरनेट अजून फोनच्या वायरीतून कुरकुरत यायचं, तेव्हाची गोष्ट. मुंबईतल्या एका निसर्गविज्ञान संग्रहालयात मी इंटर्न होते. त्यांच्या वेबसाइटवर हवामान बदलाचा नवा विभाग होणार होता. शास्त्रज्ञांचा मजकूर सोप्या मराठीत आणायचा, हे माझं काम. त्यात एक वाक्य होतं — 'डोंगराळ भागातील जलस्रोतांवर परिणाम संभवतो.'

संभवतो?

पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेवरच्या एका वाडीत माझी मावशी राहते. तिथला झरा काही वर्षांपासून होळीनंतर आटायचा आणि बायका पाण्यासाठी दरी उतरायच्या. त्या वर्षी मावशी थकली. तिचा मुलगा विनू मुंबईहून येत्या रविवारी तिला कायमची न्यायला येणार होता. महाडच्या माणसाला पाण्यावर बोलायला कुणी शिकवावं लागत नाही. मी संग्रहालयातल्या मॅडमना तोंडावर सांगितलं, "संभवतो काय? झालाय. पुरावा आणते."

कल्पना माझीच. वेबपानावर कोरड्या झऱ्याचा फोटो, त्यावर क्लिक केलं की आवाज — म्हणजे शांतताच! 'मेलेला झरा ऐका.' तसाही रेकॉर्डिंगचा एक नियम असतो : जिथे जाल तिथे एक मिनिट कुणी बोलायचं नाही, नुसती जागा टेप करायची. मला तेवढंच मिनिट हवं होतं.

भर दुपारी मी आणि मावशी झऱ्यावर गेलो. कॅसेट कोरी, वेष्टनाचा कागद मी स्वतः फाडला. कुंडात पाचोळा, भोवती कुणी नाही. मी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. मावशी पदर तोंडाला लावून बसली. शेवटी तिला राहवेना.

"झालं काय गो? बोलू?"

परतताना महाडला अन्वरभाईंच्या दुकानात थांबले. ते आखातातून परत आल्यापासून कॅसेटी भरून द्यायचं दुकान चालवायचे आणि त्यांचा डेक एक नंबर होता. म्हटलं, एक कॉपी काढून घ्यावी. त्यांनी हेडफोन लावला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"शांतता म्हणालीस ना? यात तर कोणीतरी पाणी भरतंय!"

"काहीतरीच काय!"

"ऐक तू. तुझ्या पत्रकांसारखं आहे, थांबतच नाही."

मी ऐकलं... बारीक धार, भांड्यात पडणारी. भांडं भरत जाताना आवाज कसा चढत जातो, तसा चढत गेलेला. आणि त्यावरच मावशीचं "झालं काय गो? बोलू?" — मागे धार चालूच. म्हणजे जुनं काही पुसायचं राहिलं म्हणावं, तर तेही नाही. आणि आवाज फक्त डाव्या कानात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी परत वर. मावशीची गाठोडी बांधून ओटीवर ठेवलेली. तिने हेडफोन लावला, डोळे मिटले.

"ह्यो तांब्याचा हंडा हाय. पर आता वाडीत हाय कुनाकडं? समद्यांनी मोडीत घातले." मग म्हणाली, "डाव्या कानालाच का येतंय गो?"

माइकची डावी बाजू कुंडाकडे नव्हती, वरच्या दगडी बांधाकडे होती, हे मी सांगितलं. मावशी उठलीच, बांधामागे खणायला.

"मावशी, थांब. हा पुरावा नाय. यावर खणणं म्हणजे पाणाड्यापना झाला."

"तुझा पुरावा ऱ्हाऊ दे. कुदळ घे."

खणण्याआधी मी हट्टाने त्याच जागी, त्याच यंत्रावर आणखी एक मिनिट टेप केलं. नुसते किडे. बाकी काही नाही!

तेवढ्यात शेजारचे तुकारामदादा पहार खांद्यावर टाकून आले, मागून वाडीतली चार माणसं. "काय सुजाता, पत्रकं संपली? आता कानात यंत्र घालून पानी सांगतेस? नारळ आनू काय?" सगळे फिदीफिदी हसले. माझे कान तापले. पण पहिली पहार दादांनीच मारली.

बांधाचे दगड निघाले. मागची माती गार लागली, मग ओली. आणि मग मुळांच्या जाळीमागून करंगळीएवढी धार सुटली... गढूळ, पण धार! मावशी फक्त म्हणाली, "हात नका घालू रे. निवळू द्या."

रविवारी विनू टेम्पो घेऊन आला. मावशीने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "आलायस तर त्यो बांध नीट रचून दे. मी काय येत नाय." दोन दिवस राहून त्याने बांध रचला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला.

संग्रहालयातल्या भूगर्भवाल्या सरांना मी विचारलं. पाणी खडकामागे वळून साठलं असेल, हे त्यांना मान्य. पण खडकामागचा आवाज तो माइक पकडणार नाही, म्हणाले. आणि हंडा? सर हसले. मला हसू आलं नाही.

ती कॅसेट मी वेबसाइटवर लावू दिली नाही. समजावून सांगता येत नाही ते विज्ञानाच्या पानावर नको. पण 'संभवतो' मी खोडायला लावलं, कारण एक झरा उघडला म्हणून आजूबाजूचे आटलेले विसरायचे नसतात. उलट आता तुकारामदादा वाडीवाडीत जाऊन जुने बांध तपासायला लावतात. म्हणजे लढायचं तर आहेच!

तो आवाज कुठून आला? माहीत नाही. एवढी वर्षं झाली, कुठलंच उत्तर पटत नाही. पत्रकात असं वाक्य लिहायची सोय नसते, इथे लिहिते : मला माहीत नाही. गेल्या मे महिन्यात गेले, तर झऱ्यावर नंबरावरून दोघींचं कडाक्याचं भांडण चाललेलं. मी मध्ये पडायला निघाले, तर मावशीने हात धरून बसवलं.

"भांडू दे गो. पानी हाय म्हनून भांडतायत."