तुझ्या तोंडून ऐकू दे

मोठ्या बाईंवर चार शब्द बोला म्हणून मला अजून बोलावणी येतात. त्यांचा फोटो, हार, उदबत्ती, आणि मग कुणीतरी उठून तीच गोष्ट सांगतं, की मुलीच्या तोंडून ऐकल्याशिवाय बाईंनी एकाही मुलीचं नाव पटावरून काढलं नाही. सगळे माना डोलावतात. मी जात नाही. गुडघे दुखतात म्हणून कळवते. गुडघ्यांना काही धाड भरलेली नाही.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. परभणीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्यांच्या खोलीवर उर्दूत ‘सदर मुअल्लिमा’ लिहिलेलं होतं, आमच्या तोंडी त्या मोठ्या बाई. लहान वयात विधवा झालेल्या. पांढरं लुगडं, पण पायात चपला आणि हातात छत्री, अशा भर बाजारातून चालत यायच्या. लोक आधी फिदीफिदी हसले, मग रस्ता द्यायला लागले. टेबलाच्या खणात फणी आणि तेलाची बाटली असायची. न विंचरता आलेल्या पोरीला रागवायच्या नाहीत. समोर बसवून वेणी घालायच्या आणि घालता घालता पाढे म्हणून घ्यायच्या. मला मुदतीचा ताप आला तेव्हा शाळा सुटली की रोज घरी यायच्या आणि उशाशी बसून धडा वाचायच्या. आईपेक्षा त्यांचा हात कपाळावर बरा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

सातवीत आम्ही तिघीच उरलो होतो. बाई मला म्हणायच्या, “एवढी परीक्षा दे, की याच शाळेत तुला शिकवायला घेते. तुझी खुर्ची मी ठेवलीय.” मला दुसरं काही नकोच होतं. घरी भांडी घासतानासुद्धा मी त्या खुर्चीत बसलेली असायची.

लग्न ठरलं की बाप येऊन मुलीचं नाव काढायचा. बाईंचा नियम असा, की मुलीला समोर आणा, तिला विचारल्याशिवाय मी नाव काढत नाही. बापाला बाहेर व्हरांड्यात बसवायच्या, दार लावून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “तुझ्या तोंडून ऐकू दे.” एक पोर रडून रडून त्यांच्या पायांना मिठी मारून बसली. चारचौघांत शोभा नको म्हणून तिच्या बापानं पुढं दोन वर्षं तिला शाळेत ठेवली. साऱ्या गावात त्याची चर्चा झाली, आणि माझ्या वडिलांनीही ती ऐकली.

वडील कचेरीत पेशकार, साहेबापुढं कागद ठेवणारे, जबान्या लिहून घेणारे. लोकांकडून काय वदवून घ्यायचं हे त्यांना नीट माहीत. पिंगळीचं स्थळ पक्कं झालं त्या संध्याकाळी ते चुलीपाशी आले. असे ते कधी यायचे नाहीत. म्हणाले, “उद्या बाईंपुढं रडायचं न्हाई. लग्नाचं नाव काढायचं न्हाई. मला शिकायचं नाही, एवढंच म्हणायचं. म्हटलंस तर धाकटीची शाळा चालू राहील. न्हाई तर दोघींची बंद.” धाकटी दुसरीत होती, बाहेर कविता घोकत बसलेली. आई भाकरी थापायचं न थांबवता म्हणाली, “म्हण बाई.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी दार लावलं. मी वाक्य म्हटलं. त्यांना खरं वाटेना.

“कुणी पढवून पाठवलंय का तुला?”

“नाही, बाई.”

“माझ्याकडं बघून सांग.”

मान वर, नजर समोर, न अडखळता बोलायचं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. कविता म्हणताना पाय थरथरले तरी आवाज हलता कामा नये म्हणायच्या. माझा आवाज हलला नाही. त्यांनी पट उघडून माझ्या नावावर रेघ मारली आणि म्हणाल्या, “तुझी मर्जी.” बाहेर आल्यावर वडील मला शाबास म्हणाले. उभ्या जन्मात एकदाच.

सहा महिन्यांत धाकटीचीही शाळा सुटली. तिला बाईंपुढं उभी केली असती तर ती भोकाड पसरणार, हे वडील जाणून होते. म्हणून नेलीच नाही. पालमला मामाकडं धाडली, तिकडं शिकेल असं शाळेत कळवलं. तिकडं ती मामाची पोरं सांभाळायला लागली. माझ्या तोंडाला अशी पानं पुसली.

वडिलांचा राग आहेच, तो माझ्याबरोबरच जाईल. पण बाईंचा त्याहून जास्त येतो. पोरीच्या चेहऱ्यावरून ती उपाशी आलीय हे ओळखणारी बाई, आणि माझं एवढं मोठं खोटं तुम्हाला दिसू नये? का तुमचा नियम पाळला गेला एवढंच पुरेसं होतं? ज्यांच्यावर जीव टाकला त्यांच्याबद्दल असं मनात येतं, त्याची लाज वाटते. तरी येतंच.

तीन वर्षांनी बाईंची हैदराबादला बदली झाल्याचं कानावर आलं. गाडी पिंगळीला थांबायची. सासऱ्यांच्या हातापाया पडून मी स्टेशनात गेले, कडेवर पोर. सासरे दोन पावलं मागं उभे. रस्ताभर मी एकच वाक्य घोकत आले होते, “बाई, मी तेव्हा खोटं बोलले.”

जनाना डब्याच्या खिडकीत बाई दिसल्या. पूर्णेपर्यंत सोडायला निघालेल्या चार मुली सोबत होत्या. बाईंनी मला लगेच ओळखलं. हात बाहेर काढून माझ्या पोराच्या गालाला लावला आणि मुलींना म्हणाल्या, “ही माझी सगळ्यात हुशार मुलगी. हिची खुर्ची मी वर्षभर रिकामी ठेवली होती, मन बदलेल म्हणून. पण हिनंच सांगितलं होतं, शिकायचं नाही. आपण कुणावर जबरदस्ती करू नये.”

मुली माझ्याकडं बघायला लागल्या. सासरे खाकरले. लावून घ्यायला इथं दार नव्हतं. गार्डानं शिट्टी दिली.

“सुखी आहेस ना?” बाईंनी विचारलं. “तुझ्या तोंडून ऐकू दे.”

मी मान वर केली, त्यांच्याकडं सरळ बघितलं आणि न अडखळता म्हटलं, “हो, बाई.”

त्यांनी तेही खरं मानलं.