सासऱ्यांसाठी घेतलेला वॉकीटॉकी

बायकोच्या बाळंतपणाला सासू-सासरे पुण्याहून जर्मनीत, म्युनिकजवळच्या गार्चिंगला आले आणि आठवडाभरातच माझ्या लक्षात आलं, की सासूबाईंना श्वास घ्यायला फुरसत नाही आणि सासऱ्यांना काही म्हणजे काही काम नाही. दोन हजार चार साल असावं. मी तिथल्या इन्स्टिट्यूटमध्ये पीएच.डी. करत होतो आणि दोन खोल्यांत आम्ही चार मोठी माणसं आणि वीस दिवसांचं बाळ असे राहत होतो. बाळाला तेल लावताना, बायकोला शेक देताना पुरुषमाणसानं आसपास फिरकायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. त्यामुळे जेवण झालं की सासरे मफलर गुंडाळून इझार नदीकडे फिरायला निघायचे, ते चारला उगवायचे.

काळजी मला होती, त्यांना नव्हती. जर्मनचा एक शब्द येत नाही, गुडघा दुखतो आणि नदीकाठच्या झाडीतल्या सगळ्या वाटा सारख्या. मी त्यांना मोबाईल देऊन पाहिला. पहिल्याच दिवशी भलतं बटण दाबलं गेलं, आतून कोणी बाई जर्मनमध्ये बोलली, यांनी तिला इंग्रजीत नम्रपणे ‘थँक यू मॅडम’ म्हटलं आणि संध्याकाळी फोन माझ्या टेबलावर आणून ठेवला. ‘जावईबापू, हे काही आमच्याच्यानं व्हायचं नाही.’ आधीच जावयाच्या घरी मुक्काम, त्यात त्याची वस्तू बिघडवली तर काय तोंड दाखवणार, हे खरं कारण. मुलीच्या घरी पाणीसुद्धा बेतानं पिणारी माणसं ही.

सासरे पाटबंधारे खात्यात होते. एका धरणावर त्यांनी वीस-बावीस वर्षं काढली होती आणि तिथे पावसाळ्यात पाण्याची पातळी वायरलेसवरून कळवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यावरून मला वॉकीटॉकीची अक्कल सुचली. अक्कल म्हणायचं ती तेव्हा. आता दुसरा शब्द वापरीन.

म्युनिकमधल्या दुकानात मी तासभर घालवला. एका खोक्यावर तीन किलोमीटर, दुसऱ्यावर पाच, तिसऱ्यावर आठ. विक्रेत्याला विचारलं, हे सगळं खरं का? तो म्हणाला, ‘गेनाऊ,’ म्हणजे अगदी बरोबर, आणि मग, ‘आल्झो,’ म्हणजे तसं म्हटलं तर, ‘डोंगरावरून डोंगरावर.’ इन्स्टिट्यूटमधला एक जर्मन सहकारी हौशी रेडिओवाला होता. तो म्हणाला, माझ्याकडे कॉम्प्युटरला जोडून प्रोग्रॅम करायचे भारी सेट आहेत, पण परवाना नसेल तर हात लावू नकोस. परवान्याशिवाय चालणाऱ्यांतली स्वस्तातली जोडी मी घेतली.

घरी येऊन चालू केले तर त्यावर कुठल्यातरी बांधकामावरचा क्रेनवाला कोणावर तरी डाफरत होता. आठ चॅनल आणि प्रत्येकाला अडतीस कोड. दोन्ही सेटवर चॅनल आणि कोड एकच ठेवला की बाकीच्यांची बडबड ऐकू येत नाही, असं पुस्तिकेत लिहिलेलं. मेनूचं बटण एकदा दाबलं की चॅनल लुकलुकतो, दोनदा दाबलं की कोड, तिसऱ्यांदा दाबलं की काय होतं ते मला अजून माहीत नाही. एका सेटवर चौदा, दुसऱ्यावर पंधरा कोड ठेवून मी अर्धा तास एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडत होतो. सासूबाई म्हणाल्या, ‘अहो, भिंतीपलीकडून तसंही ऐकू येतंय की.’

सासरे मात्र खूश झाले. सेट हातात घेताच माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. एक सेट आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचा, एक त्यांच्या कोटाच्या खिशात. तिसऱ्या मजल्यावरून नदीपर्यंत कसंबसं ऐकू यायचं. बरोबर दोनला आणि बरोबर तीनला, मिनिटाचा फरक नाही, यांचा आवाज यायचा: ‘सर्व ठीक. ओव्हर.’ मी त्यांना बजावलं होतं, सेट दिवसभर चालू ठेवा, बॅटरीची काळजी करू नका. ते म्हणाले, ‘हो, हो.’

त्या शनिवारी मी घरी होतो. दोनचा निरोप नेहमीसारखा आला. सासूबाई सकाळपासून पाठ भरून आलीय, पित्त झालंय म्हणत होत्या आणि म्हणता म्हणता डिंक तळत होत्या. दोन-दहाला त्या स्वयंपाकघरात खाली बसल्या. घामानं निथळत होत्या. मी अॅम्ब्युलन्ससाठी एकशे बारा लावला. बायकोनं आईचं डोकं मांडीवर घेतलं. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘यांना बोलवा.’ पुन्हा म्हणाल्या, ‘यांना बोलवा ना.’ चाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं नवऱ्याला काम सोडून ये असं कधी म्हटलं नसेल.

मी खिडकीतला सेट उचलला. ‘बाबा, ताबडतोब घरी या. बाबा, ऐकताय का?’ काही नाही. बाल्कनीत गेलो, हात उंच करून बोललो. काही नाही. मला वाटलं, मीच कोडचा घोळ केलाय. मेनू दाबला, चौदा पाहिलं, पुन्हा दाबलं, पुन्हा पाहिलं. खाली अॅम्ब्युलन्स आली, डॉक्टर वर आला, सासूबाईंना खुर्चीवर बसवून जिन्यानं उतरवलं आणि मी इंजिनिअर माणूस बटणं दाबत उभा होतो. डॉक्टरला म्हटलं, पाच मिनिटं थांबा, त्यांचे मिस्टर येतायत. तो शांतपणे नाही म्हणाला. सासूबाईंना मराठीशिवाय काही येत नव्हतं, म्हणून ओली बाळंतीण त्यांच्याबरोबर गेली. माझ्या एका हातात बाळ, दुसऱ्यात सेट. सासऱ्यांना शोधायला जावं तर बाळाला घेऊन कुठल्या वाटेनं जायचं? जाऊन तरी काय, तोवर गाडी निघून गेली होती.

तीनला पाच कमी असताना फोन वाजला. बायको एवढंच म्हणाली, ‘आई गेली रे.’ आणि फोन ठेवला.

आणि बरोबर तीनला सेट खरखरला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धरणावर सेट ठरलेल्या वेळेलाच लावायचे, मधल्या वेळात बंद ठेवून बॅटरी जपायचे, हे त्यांनी मला दहादा सांगितलं होतं आणि मी हो हो करत ऐकलं होतं. जावयाची बॅटरी तर ते दुप्पट जपणार. त्यांनी काही चूक केली नव्हती. मी विचारलं नव्हतं.

‘सर्व ठीक,’ सासरे म्हणाले. ‘आज पाणी बोटभर चढलंय बघा. वर कुठेतरी पाऊस झाला असणार. दोन हंस आलेत. हिला म्हणावं, उद्या ऊन असलं तर तासभर तरी बाहेर पड, मी दाखवतो.’ या सेटवर एकानं बटण दाबून धरलं की दुसऱ्याला बोलता येत नाही, नुसतं ऐकायचं. मी ऐकत होतो. शेवटी ते म्हणाले, ‘ओव्हर.’

मी बटण दाबलं. ‘बाबा, घरी या.’

‘का? कारण सांगा. ओव्हर.’

खोटं बोलता आलं असतं. बाळ रडतंय म्हणालो असतो, किल्ली विसरलो म्हणालो असतो. गुडघा दुखणारा एकटा माणूस नदीकाठी उभा आहे, हे मला कळत होतं. पण तोंडातून खरं तेच निघालं. ‘बाबा, आई गेल्या.’

वायरलेसवर निरोप मिळाला की तो शब्द न शब्द परत म्हणून दाखवायचा, अशी त्यांच्या खात्याची शिस्त. सेट पुन्हा खरखरला.

‘आई गेल्या,’ सासरे म्हणाले.

पुढचं ओव्हर आलं नाही. बटणावरचा त्यांचा अंगठा तसाच होता. मला पाण्याचा आवाज ऐकू येत होता, त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि ते बटण सोडेपर्यंत मला त्यांच्याशी एक शब्द बोलता येत नव्हता.